तापत्या भिंतीवरची नासपती

पत्र पेटीत पडल्याचा आवाज म्यूरियल टॉलीला स्पष्ट ऐकू आला. पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. तळाशी आणखी कुणाचं पत्र नव्हतं. तीन वाक्यांचं पत्र होतं. झाड काढायला माझी काहीच हरकत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. सोबत पाठवलेल्या पट्टीबद्दल मला काही सांगता येणार नाही. ही तीन वाक्यं लिहायला तिला नऊ दिवस लागले होते, आणि आता सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. तिने पिशवी सावरली. पिशवीत अर्धा पाव आणि एका माणसापुरतं मटण होतं. खाटीक आताशा विचारतही नसे, ती दारात दिसली की एकच तुकडा कागदात गुंडाळायला घेई. ती वळली आणि फुटपाथवर गोठलेल्या पाण्यावरून तिचा पाय सरकला. पडली नाही. हात आपोआप बाजूच्या भिंतीला गेला, आणि भिंत गरम होती.

ती बेकरीची मागची भिंत होती. आत भट्टी असणार, त्यात नवल ते काय. बर्मिंगहॅममधल्या त्या रस्त्याने ती बावीस वर्षं जात-येत होती, पण रस्त्यातल्या भिंतींना हात लावत कोण फिरतं? तिने इकडेतिकडे पाहिलं, हातमोजा काढला आणि उघडा तळवा विटांवर ठेवला. मग तिच्यासारख्या बाईला अजिबात न शोभणारी गोष्ट तिने केली. सरळ वळली आणि पाठच भिंतीला टेकून उभी राहिली. कोटातून, स्वेटरमधून ती ऊब हळूहळू खांद्यांच्या मधोमध पोचली आणि तिने डोळे मिटले. बाबागाडी ढकलत चाललेली एक तरुण बाई थबकली. "बरं आहे ना, मावशी?" तिने विचारलं. "अगदी. बुटात खडा गेलाय नुसता," म्यूरियल म्हणाली. आणि एकदा खोटं बोलल्यावर ते निभवायला हवं म्हणून तिने एका पायावर उभं राहून बूट काढला, उलटा करून झटकला, नसलेला खडा पाडला आणि बूट पुन्हा चढवला. टॉलींच्या घरातली माणसं अशीच. आपल्याला काही होतंय हे दुसऱ्याला कळू नये म्हणून भर रस्त्यात एका पायावर उभी राहतील.

मार्लकोट हॉल या जमीनदारी वाड्याच्या बागेला चारी बाजूंनी बारा फूट उंचीची भिंत होती, आणि तिच्यातली उन्हाकडे तोंड असलेली भिंत पोकळ होती. तिच्या पोटातून धुराला जायला नागमोडी बोळ काढलेले होते आणि मागच्या अंगाला तीन भट्ट्या होत्या. वसंतात झाडं फुलली आणि हिम पडायची भीती वाटली की भट्ट्या पेटवायच्या. धूर भिंतीच्या पोटातून फिरे, विटा तापत, आणि भिंतीला पंख्यासारखे पसरून खिळवलेले पीच आणि जर्दाळू यांचा मोहोर वाचे. तापती भिंत, असंच तिला सगळे म्हणत. हॉलमधल्या लोकांना चार दिवस आधी पीच खायला मिळावेत म्हणून दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा उपद्व्याप करून ठेवला होता. म्यूरियलचे वडील एमॉस टॉली त्या बागेचे शेवटचे मुख्य माळी. हाताखाली एके काळी नऊ माणसं होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं तशी ती एकेक करून गेली, हॉलचे मालक दुसरीकडे राहायला गेले, हॉलमध्ये सैन्याच्या कचेऱ्या आल्या, आणि एवढ्या मोठ्या भिंतीच्या आत एमॉस एकटे राहिले. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नसावं. ते झाडांशीसुद्धा कमीच बोलत.

आई बोलायची. नोरा मूळची हल बंदराकडची, हॉलमध्ये कामाला म्हणून आली आणि माळ्याशी लग्न करून बसली. तिला बोलल्यावाचून करमत नसे आणि टॉलींच्या घरात बोलायला विषय एकच, हवा. म्यूरियल चार वर्षांची असताना तापत्या भिंतीवरचा एक पीच मेला. आई म्हणाली, तिथे नासपती लावा, मला पीच आवडत नाही, त्याची लव दातांना कशीतरी लागते. नासपतीला तापती भिंत कशाला हवी? ती कुठल्याही साध्या भिंतीवर येते. माळ्यांच्या जगात हे म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत बकरी बांधण्यासारखं होतं. शेजारच्या गावच्या मोठ्या बागेचा माळी मुद्दाम सायकल मारत बघायला आला आणि हसून गेला. एमॉसनी त्याला एवढंच सांगितलं, जागा रिकामी होती. पुढे एप्रिलच्या संध्याकाळी भट्टी पेटवली की आई म्यूरियलला घेऊन बागेत यायची, आणि दोघी त्या कोवळ्या नासपतीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. आईच्या अंगावर तिचा निळा कोट असायचा, जाड लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. पाठीत ऊब भरली की आई डोळे मिटून म्हणायची, "आपल्या घरात हीच एक गोष्ट उबदार आहे बघ, म्यूरियल." आणि हसायची. म्यूरियलही हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला तिला बरीच वर्षं लागली.

लढाई संपली त्या उन्हाळ्यात आई घर सोडून गेली. हॉलमधल्या पगाराच्या कचेरीत एक सार्जंट होता, बडबड्या, शीळ घालत चालणारा. जूनमधल्या एका सकाळी आईने म्यूरियलची वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली, इतकी की शाळेत दिवसभर कपाळ ओढल्यासारखं होत होतं, आणि दुपारी ती घरी आली तेव्हा आई नव्हती. बाबांनी चहा केला. पावाला लोणी लावलं. मग म्हणाले, "यंदा वाटाणा लवकर संपेल." त्यानंतर आईचं नाव त्या घरात निघालं नाही. म्यूरियलने विचारलं नाही. विचारायचं नसतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्या घरातल्या हवेतच होतं. पण मागच्या दाराच्या खुंटीवर निळा कोट तसाच होता. जूनमध्ये कोण हिवाळ्याचा कोट घालून जातं? आणि कपड्यांना कुपनं लागण्याच्या त्या दिवसांत असला कोट कोण कायमचा सोडून जातं? अकरा वर्षांच्या मुलीने मनाशी पक्का हिशेब केला. थंडी पडली की आई कोटासाठी येईल. तिला पाहिल्यावर मग राहीलही. म्यूरियल उन्हाळ्यातच थंडीची वाट पाहू लागली. रविवारी कोटाला ब्रश करायची, खिशात धुतलेला रुमाल ठेवायची. ऑक्टोबरात पहिलं हिम पडलं तेव्हा गावातल्या बायका बाबांना म्हणाल्या, अहो टॉली, पोरीच्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या आहेत, तो निळा कोट कापून तिला बेतून द्या की. बाबांनी कोटाला हात लावला नाही. म्यूरियलला हायसं वाटलं. मनगटं गारठली तर गारठोत, कोट शाबूत राहायला हवा होता.

जानेवारी हा पट्ट्यांचा महिना. भिंतीवरच्या झाडाची प्रत्येक फांदी लोकरीच्या पट्टीने भिंतीला धरून ठेवायची असते. बोटभर रुंदीची पट्टी फांदीभोवती घ्यायची, दोन्ही टोकं जुळवायची आणि त्यांतून एकच खिळा विटांच्या सांध्यात ठोकायचा. पट्टीचं आयुष्य एका वर्षाचं. पुढच्या हिवाळ्यात फांदी जाड झालेली असते, लोकरीत किड्यांनी अंडी घातलेली असतात. तेव्हा खिळा उपटायचा, पट्टी जाळायची, नवी घ्यायची. जुनी पट्टी पुन्हा वापरणारा माळी आळशी. एका माणसाला त्याच कारणासाठी एमॉसनी उभ्या उभ्या घालवून दिलं होतं. पावसाच्या दिवसांत माळी बसून हॉलमधल्या नोकरांचे जुने गणवेश, फाटक्या घोंगड्या, मिळेल ते कापून पट्ट्या करत. तर त्या जानेवारीत एके दिवशी म्यूरियल शाळेतून आली आणि पाहते तो मागच्या दाराची खुंटी रिकामी. तिने दाराची कडी घट्ट धरली. आई आली! कोट घातला आणि बाहेर गेली! कुठे गेली असेल हे सांगायची गरजच नव्हती. म्यूरियल दप्तर टाकून धावत सुटली, भिंतीतलं लाकडी दार ढकललं, बर्फाळ वाफ्यांमधून धावली, आणि तापत्या भिंतीवर तिला निळा रंग दिसला. बोटभर रुंदीचे तुकडे, साठ-सत्तर. नासपतीच्या प्रत्येक फांदीवर एकेक. बाबा शिडीवर होते, ओठांत खिळे धरलेले. त्यांनी खिळे हातात घेतले, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चांगलं कापड आहे. वाया कशाला घालवायचं." मग पुन्हा ओठांत खिळे धरले आणि भिंतीकडे वळले.

म्यूरियल सतराव्या वर्षी घर सोडून शहरात आली. एका मोठ्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर कपडे बेतून देण्याच्या खोलीत तिला काम मिळालं, आणि तिथे तिने त्रेचाळीस वर्षं लोकांचे कोट उसवले, आत घेतले, सैल केले, बाह्या लांबवल्या. आईबापांच्या कोटातून मुलांचे कोट काढणं हा तर तिचा हातखंडा. तिने स्वतःला कधी विचारलं नाही की हेच काम का धरलं, विचारायचं नसतं. कापड मात्र तिच्याशी बोलत असे. कोट हातात आला की माणूस कुठल्या खांद्याने ओझं वाहतो, कुठे टेकून बसतो, शिवण कितीदा उसवली गेली आहे, सगळं तिला दिसे. सुई निघून जाते पण तिची भोकं राहतात. नाताळला ती मार्लकोटला जायची, दोन दिवस. तोवर हॉल रिकामा झाला होता. छप्पर नसलेल्या घराला घरपट्टी नसते म्हणून मालकांनी त्याचं छप्पर उतरवून विकलं, आणि जिन्यात पाऊस पडू लागला. बाग कुणीतरी कोबी पिकवायला घेतली होती आणि बाबा कोबीची राखण करत होते. कोळसा मिळत नसे, तर हॉलच्या खिडक्यांच्या चौकटी आणि दारं आणून वसंतात ते एकच भट्टी पेटवतात, असं गावात कळलं. नासपतीमागची भट्टी. गावातले लोक म्हणत, म्हातारा हॉल जाळून कोबी उबवतोय. म्यूरियल बागेत गेली नाही. स्वयंपाकघरात बसून दोघं हवेबद्दल बोलत. एकदा निघताना बाबांनी तिला फळकोठीतून सहा नासपती आणून दिल्या, वर्तमानपत्रात एकेक वेगळी गुंडाळलेली. तिने त्या आगगाडीत बाकावर सोडल्या. ते गेले ते एका फेब्रुवारीत, फळकोठीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या. ती एका दिवसासाठी आली, किल्ली कारभाऱ्याला दिली आणि सातच्या गाडीने परतली. आणखी चार वर्षांनी हलच्या इस्पितळातून आईचंही पत्र आलं, म्हणजे आई गेल्याचं. त्या दिवशी तिच्याकडे एका बाईचा करडा कोट होता, कमरेत दोन इंच सैल करायचा. तिने तो केला. चांगला झाला होता.

आता साठी उलटल्यावर, बाबांना जाऊन एकोणचाळीस वर्षं झाल्यावर, कुणा डेस्मंड प्रॉसरचं पत्र आलं होतं. निवृत्त भूगोलाचे मास्तर, बाग पुन्हा उभी करणाऱ्या मंडळाचे चिटणीस. लांबलचक, अतिशय अदबशीर पत्र. बाग शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशाप्रमाणे जशीच्या तशी करायचं ठरलं आहे. तापत्या भिंतीपाशी एक वाकडंतिकडं नासपतीचं झाड उभं आहे, भिंतीपासून हातभर सुटलेलं; ते नकाशात नाही, कुणी मागाहून असंच लावलेलं दिसतं, ते शनिवारी काढायचा विचार आहे. तुमचे वडील तिथले शेवटचे माळी, म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. आणि फळकोठीत त्यांच्या नावाची आद्याक्षरं कोरलेला एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात निळ्या कापडाच्या पट्ट्या आहेत. पट्ट्या कशासाठी असतात ते आम्हाला ठाऊक आहे; पण या अशा जपून का ठेवल्या असतील ते कळत नाही. एक सोबत पाठवतो. म्यूरियलने पाकिटात निळा रंग पाहिला आणि पाकीट तसंच बटणांच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं. नऊ दिवस.

बेकरीच्या भिंतीपासून घरापर्यंत ती ऊब तिच्या पाठीत टिकली. दोन खोल्यांचं घर, वरच्या मजल्यावर. तिने दिवा लावला, आणि चहाचं आधण न ठेवता कोट अंगावर असतानाच टेबलाशी बसून बटणांचा डबा उघडला. आजवरच्या आयुष्यात तिने हे पहिल्यांदाच केलं. पट्टी वीतभर होती. रंग उन्हाने विटला होता, कडेला मात्र तोच निळा. तिने ती नाकाशी नेली. डांबराचा वास नव्हता, पत्र्याचा आणि सफरचंदांचा होता. मग सवयीने तिने ती दिव्यासमोर धरली. कापड दिव्यासमोर धरल्याशिवाय तिला दिसतच नसे. पट्टीच्या टोकाशी भोकं होती. एक नव्हे. भोकं ओळीने होती, प्रत्येकाभोवती गंजाचं तांबूस कडं, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, कापड फाटू नये अशी विचार करून ठोकलेली. तिने मोजली. दुसऱ्या टोकाची मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. दोन्हीकडे अकरा.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीपासून बाबा जायच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत अकरा हिवाळे होतात. पट्टीचं आयुष्य एका वर्षाचं, नंतर ती जाळायची. याच कारणासाठी माणसाला घालवून देणारा तो माळी दर जानेवारीत शिडीवर चढून एकेक खिळा सावकाश काढत होता, पट्ट्या उकळत होता, कोठीत वाळवत होता आणि परत त्याच, आधीच्या भोकाच्या शेजारी दुसरं भोक पाडून, त्याच झाडाला बांधत होता. बाराव्या हिवाळ्यात पट्ट्या उकळून डब्यात भरून झाल्या आणि माणूस खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. म्हणून झाड भिंतीपासून सुटलं. कुणी बांधलंच नाही. पट्टीच्या एका कोपऱ्यावर कापड विरलं होतं आणि तिथे सुतळीच्या दोऱ्याने टाके घातलेले होते, जाड बोटांचे, वेडेवाकडे. असे टाके तिने कुणाही शिकाऊ मुलीला उसवायला लावले असते. त्या टाक्यांवर अंगठा फिरवताना तिला रडू कोसळलं. तो कोट तिला बेतून दिला असता तर तो घालून ती घरभर फिरली असती, आईच्या चालीने, मागच्या दारातून आतबाहेर, रोज. ते त्यांच्याने बघवलं नसतं. म्हणून त्यांनी तो जिथे आईची पाठ टेकायची तिथे भिंतीवर ठेवला आणि हॉल जाळून जाळून त्याला ऊब दिली. किंवा तसंही नसेल, त्यांनाही ठाऊक नसेल त्यांनी का केलं. त्यांना फक्त विचारायला हवं होतं. एका नाताळला, चहा ओतता ओतता, एक वाक्य. बाबा, तो कोट का कापलात? तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, आणि दोघांनी याला शिष्टाचार मानलं. आगगाडीतल्या बाकावर सोडलेल्या सहा नासपती तिला एकेक करून आठवल्या. मटण ओट्यावर कागदात तसंच होतं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आजच आपण ते झाड तोडायला सांगितलं आहे.

प्रॉसर मास्तरांचा नंबर पत्रावर होता. ते स्वतःच फोनवर आले, आनंदी आवाजात. "मिस टॉली! वा. तिकडे हवा काय म्हणते?"

"गार आहे," म्यूरियल म्हणाली. "मिस्टर प्रॉसर, उद्या तुम्हाला माझं पत्र मिळेल. ते वाचू नका."

"वाचू नको?"

"म्हणजे वाचा. पण त्याप्रमाणे करू नका. ते झाड ठेवा."

मास्तर वर्गात समजवावं तसं बोलू लागले. झाड कुणाला आवडत नाही म्हणून नव्हे; पण मंडळाने ठराव केला आहे, नकाशात नसलेलं काही ठेवायचं नाही, करवतवाला शनिवारी दहाला येतो आहे. आणि जुन्या आठवणी म्हणाल तर गावात प्रत्येकाचीच काही ना काही आठवण त्या बागेत आहे. एकाने तर कोबीसुद्धा ठेवा म्हटलं. "मंडळाला सबळ कारण सांगावं लागेल हो. तुम्ही मला सांगा, मी पुढे मांडतो." कारण तिच्या जिभेवर होतं. तिने तोंड उघडलं आणि स्वतःलाच ऐकू आलं, "ती नासपती चवीला चांगली आहे." प्रॉसर मास्तरांनी तेवढ्याच अदबीने सांगितलं, की ते सबळ कारण होईल असं त्यांना वाटत नाही. फोन ठेवल्यावर ती स्वतःवर इतकी चिडली की बराच वेळ टेबलावरची बटणं नुसती डब्यात भरत राहिली.

शनिवारी सकाळच्या गाडीने ती किडरमिन्स्टरला उतरली, पुढे बस. वाटभर मनातल्या मनात वाक्य तयार करत होती आणि प्रत्येक वाक्य शेवटी हवेवर येऊन थांबत होतं. हॉलच्या नुसत्या चार भिंती उरल्या होत्या. मेजवानीच्या दालनात ॲशची उंच झाडं वाढली होती आणि धुराड्यांत कावळे. पुढच्या दाराशी विटांवर सैन्याच्या कचेरीचा रंगवलेला बाण अजून दिसत होता, पगार इकडे. बागेची भिंत मात्र एकही वीट न हलता उभी होती. लाकडी दार नवं होतं. ती आत गेली तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या धावण्याने पायांत पुन्हा काहीतरी उसळलं, पण ती चालतच गेली. वाफ्यांवर सुतळ्या ताणलेल्या होत्या. भिंतीपाशी प्रॉसर मास्तर, मंडळाच्या दोन बायका आणि थर्मासमधला चहा पिणारा करवतवाला असे उभे होते. नासपती भिंतीपासून पुढे झुकलेली होती, खोड पोकळ, फांद्या वाटेल तशा वर गेलेल्या. म्यूरियलने आधी भिंतीला तळवा लावला. भिंत थंडगार होती. ती उबदार असेल असं का वाटलं होतं कोण जाणे.

"प्रवास बरा झाला ना? ऊन पडलंय म्हणायचं जरासं," प्रॉसर मास्तर म्हणाले. ऊन पडलं होतं खरं. तिला नुसतं हो म्हणता आलं असतं, मग चहा घेतला असता, मग करवत सुरू झाली असती. पिशवीत हात घालून तिने पट्टी काढली.

"हा माझ्या आईचा कोट आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, पण थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही हे तिला ठाऊक होतं. "आई आम्हाला सोडून गेली. हे तिचं झाड होतं. कोट मागे राहिला, तो बाबांनी कापून याला बांधला. मला वाटलं, तिला टाकून दिलं. मी त्यांच्याशी नीट बोलले नाही परत. तुम्ही भोकं मोजा, मिस्टर प्रॉसर. एकच पट्टी अकरा वर्षं. माळी असं करत नाहीत. मला हे मंगळवारी कळलं." मास्तरांनी पट्टी हातात घेतली आणि खरंच मोजली, ओठ हलवत. बायकांपैकी एकीने तोंड फिरवून रुमाल शोधला. शेवटी करवतवालाच थर्मासचं झाकण लावत म्हणाला, "मग आज मी नुसतं वाळकं काढतो, काय?" आणि मास्तरांनी खिशातून नकाशा काढला, घडी उलगडून भिंतीवर धरला, आणि पेन्सिलीने नकाशातल्या तापत्या भिंतीवर एक छोटा गोल काढला.

एवढ्या वयाच्या फांद्या आता भिंतीला परत जायच्या नव्हत्या, हे म्यूरियललाही कळत होतं. ती खाली वाकली, हातमोजा काढून खोडाच्या बुंध्याशी चाचपडली. कलमाची गाठ सापडली. गाठीच्या वर, म्हणजे खऱ्या नासपतीचीच, भिंतीच्या बाजूला, एक कोवळी फांदी फुटलेली होती, करंगळीएवढी, अजून कुठेही वळेल अशी. तिने हातोडी आणि चार खिळे मागितले. भिंतीच्या सांध्यांत बाबांच्या खिळ्यांची भोकं अजून होती. त्यातलं एक तिने निवडलं. पट्टी फांदीभोवती घेतली, टोकं जुळवली, आणि खिळे ओठांत धरले तेव्हा जिभेला लोखंडाची चव लागली. प्रॉसर मास्तर मागून हळूच म्हणाले, खरं म्हणजे ही पट्टी काचेच्या पेटीत ठेवायला हवी, मिस टॉली, इथे पावसात कुजून जाईल. म्यूरियलने ओठांतले खिळे हातात घेतले आणि मागे वळून पाहिलं.

"चांगलं कापड आहे," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं."

मग तिने अकराव्या भोकाच्या शेजारची चांगली जागा पाहिली, तिथे खिळा टेकवला आणि ठोकला.